कडू पानावरच्या अळ्या

४ मार्च, जेवणाच्या सुट्टीत

भोपू,

'प्रिय' लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. इतक्या वर्षांत चिठ्ठी नाही, चपाटी नाही, आणि आज एकदम "ताई, सगळं सोड आणि माझ्याकडे राहायला ये." वा गं वा! लहानपणी तू भोंगा पसरलास की सगळं घर धावत यायचं. तुला वाटतं अजून तसंच आहे.

एक मात्र बरं केलंस, पत्र घरी पाठवलं नाहीस. गेटवरच्या काकांनी ते असं लपवून माझ्या हातात दिलं की मला वाटलं, कामावरून काढल्याचाच कागद. "तुमच्या भावाच्या हातात दिलं नाही," एवढंच म्हणाले. दादा मला रोज सकाळी स्कूटरवरून गेटपर्यंत सोडतो आणि संध्याकाळी सुटायच्या आधीच येऊन उभा राहतो. काका रोज बघतात. फोनवर काही लिहू नकोस. रात्री माझा फोन चार्जिंगला दादाच्या खोलीत असतो.

तुझ्या खोलीतली जोडीदारीण महिनाअखेर जागा सोडतेय, तिथल्या कॉलेजला किडे सांभाळणारं माणूस हवंय, आणि मी महिना संपायच्या आत हो किंवा नाही सांगायचं. समजलं. माझं उत्तर नाही.

किड्यांचं नक्की काय काम करतेस म्हणून विचारलंस. अळ्या पाळते. हस, खुशाल हस. एका मोठ्या खोलीत दोन मांडण्या आहेत आणि त्यांवर झाकणाच्या लहान लहान डब्या. एका डबीत एकच अळी, कारण एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात. घरच्यासारखंच, असं तू म्हणशील, म्हणून मीच म्हणून टाकते. पांढऱ्या झाकणाच्या अळ्यांना चवळीचा कोवळा पाला. लाल झाकणाच्यांना टोमॅटोच्या नात्यातल्या एका रानटी झाडाचा पाला, इतका कडू की बोटं धुतली तरी संध्याकाळपर्यंत तोंडाला चव येत राहते. रोज जुनं पान काढायचं, घाण पुसायची, नवं पान घालायचं. बाकी सगळं आमच्या मॅडम बघतात. कोण किती खातं, कसं पचवतं, हा त्यांचा अभ्यास.

आणखी एक सांगायचं होतं, ते सांगूनच टाकते. तू त्या दिवशी मागच्या दाराने बॅग घेऊन गेलीस, आणि तुझ्या वाटणीचा दादा माझ्याकडे आला. त्याआधी अर्धा अर्धा होता. याचा विचार केला होतास का कधी?

मी मजेत आहे. पत्र पाठवू नकोस.

ताई


११ मार्च

भोपू,

पाठवू नकोस म्हटलं तर आठवड्याच्या आत पाठवलंस. तू सुधारणार नाहीस.

आणि काय एका ओळीचं पत्र! "ताई, तुझ्या खोलीच्या दाराला आता आतून कडी आहे का?" एवढं विचारायला तिकीट लावलंस?

नाही. मध्ये मला ताप आला होता, उठताना चक्कर येऊन पडले. तेव्हा दादाने कडी काढून टाकली. म्हणाला, "उद्या आत काही झालं तर दार तोडत बसू का?" बरोबरच आहे ना त्याचं? कडीची चार भोकं राहिली होती, ती त्याने स्वतः लांबी भरून बुजवली, वरून रंगही दिला. दिव्याचं बटण पहिल्यापासूनच बाहेर पॅसेजमध्ये आहे, हे तुला माहीतच आहे. झोपायची वेळ झाली की तो जाता जाता बंद करतो. मी वाचत असले तरी. म्हणजे वाईट हेतूने नाही. डोळ्यांना त्रास नको म्हणून.

तुला वाटत असेल मी रडत बसते. अजिबात नाही. मला सगळं जमतं. तो काही म्हणाला की आधी 'हो' म्हणायचं, हे मी कधीच शिकले. 'हो' म्हटलं की तो वळतो आणि पुढच्या खोलीत जातो. हसायचं असेल तर नळ सोडून हसते. भूक नसली तरी तो जेवायला बसायच्या आधी थोडं खाऊन घेते, म्हणजे त्याच्यासमोर कमी जेवता येतं आणि लवकर उठता येतं. स्कूटरवर मागे बसल्यावर किती बोलायचं, तेही ठरलेलं. फार गप्प राहिलं तर "काय झालं?" सुरू होतं, फार बोललं तर "कोणी सांगितलं तुला हे?" मधला मार्ग मला डोळे मिटून सापडतो. तू एक दिवस टिकली नसतीस, तोंडाळ कुठली.

काल मॅडमनी मला लाल झाकणांचं रहस्य सांगितलं. पान कुरतडलं जातंय हे झाडाला कळतं म्हणे. मग ते पानांत असं काही तयार करतं, जे अळीच्या पोटात जाऊन तिचे पाचक रस अडकवून टाकतं. मी विचारलं, "म्हणजे विष?" तर म्हणाल्या, "विष नाही. असं समजा, तिच्या पोटात अन्न कापणाऱ्या बारीक कात्र्या आहेत. झाड त्या कात्र्यांत काडी घालून ठेवतं. पोट भरलेलं असतं आणि अळी उपाशी राहते."

"मग या जगतात कशा?"

"दुसऱ्या घाटाच्या कात्र्या बनवतात. ज्यांत ती काडी बसत नाही अशा."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! उगाचच. लाल झाकणवाल्या माझ्या लाडक्या आहेत, तुझ्यापासून काय लपवायचं. मी म्हटलं, "हुशार आहेत हो!" मॅडम म्हणाल्या, "हुशार आहेतच. पण वजन करून बघा. खातात पांढऱ्यांपेक्षा जास्त आणि वाढतात कमी. खाल्लेल्यातलं बरंचसं नव्या कात्र्या बनवण्यातच जातं."

नंतर मी एक लाल आणि एक पांढरी शेजारी शेजारी धरून बघितल्या. एकाच दिवशी अंड्यातून निघालेल्या. आमची लाल पांढरीच्या अर्धीसुद्धा नव्हती.

असो. उत्तर तेच आहे.

ताई


१८ मार्च

भोपू,

माझ्या हातून मोठा घोळ झाला आहे. कोणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून तुला सांगते.

इथे एक पद्धत आहे. आधी पांढरी मांडणी करायची, मग हात धुऊन लाल. उलट केलं तर कडू रस ब्रशला लागतो आणि पांढऱ्यांपर्यंत जातो. जोडून सुट्टी येणार होती, त्याच्या आदल्या दिवशी तुझं तिसरं पत्र आलं. खिडकीतून तुला टेकडी दिसते, खोलीत दोन खाटा आहेत, एकीवर तू आत्तापासूनच माझ्यासाठी चादर घातली आहेस. ही काय लिहायची गोष्ट आहे? पत्र एप्रनच्या खिशात आणि मी पांढऱ्या मांडणीशी. ती झाली, हात धुतले, आणि चवळीच्या पाल्याचं ताट तसंच हातात घेऊन लाल मांडणीकडे गेले. सगळ्या लाल डब्यांत चवळी घालून, झाकणं लावून, कुलूप करून घरी आले. स्कूटरवर दादा म्हणाला, "आज खुशीत दिसतेस?" मी म्हटलं, "सुट्टी आहे ना."

सुट्टी संपवून आले आणि झाकणं उघडली. बऱ्याच जणी मेलेल्या. उरल्या त्या आकसून डबीच्या कडेला चिकटलेल्या. आणि पानं, भोपू, पानं जशीच्या तशी! कोवळी, गोड, ज्यात कसली काडी नाही की कात्री अडत नाही अशी चांगली पानं, आणि एकाही पानाला दाताची खूण नाही. त्यांच्यावरून चालत गेल्या असतील, पण तोंड लावलं नाही. अन्नात बसून उपाशी मेल्या.

मी मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. नुसतं "अरेरे" म्हणाल्या आणि डब्या बघायला उठल्या. मी तिथेच उभी. मला वाटलं, आता बोलतील, मग बोलतील. दुपार झाली तरी नाहीत. माझ्याच्याने डबा उघडवेना. शेवटी पुन्हा गेले आणि म्हटलं, "मॅडम, तुम्ही काही बोलला नाहीत." त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "काय बोलू? चुकून झालं. कडू पानावर वाढलेल्या अळ्या पुष्कळदा दुसरं पान घेतच नाहीत. जेवलात का तुम्ही?"

मग मी बाथरूममध्ये जाऊन रडले. नळ सोडून.

तुझ्या लक्षात येतंय ना मला काय म्हणायचं आहे? टेकडी, खाट, चादर, सगळं चांगलंच असेल. मला तिथे घास उतरणार नाही. मी तुझ्या दारात येऊन कडेला चिकटून बसेन आणि तू बघत राहशील. त्यापेक्षा दुसरी कोणी जोडीदारीण बघ. मी रागाने लिहीत नाही.

ताई


२१ मार्च

भोपू,

दादाने काल जेवताना सांगितलं की या महिन्यानंतर कामावर जायचं नाही. मॅडमना तो स्वतः फोन करणार आहे. "त्या पानांचा वास तुझ्या कपड्यांना येतो. हात बघ कसे झालेत. आता घरी आराम कर. मी आहे ना."

मी 'हो' म्हटलं. भोपू, तोंडातून आपोआप 'हो' आलं, आणि तो वळून पुढच्या खोलीत गेला नाही. तिथेच बसून राहिला आणि म्हणाला, "मला माहीत होतं तू समजून घेशील."

वहिनी वाढत होत्या. पळी भांड्यावर आपटली तेवढाच काय तो आवाज.

कामावर आले नाही तर हे पत्र लिहायला जागा कुठे आहे? आज सकाळी पहिल्यांदा घरी माझ्या खोलीत सगळीकडे नजर फिरवली. जिथे बसून दार दिसत नाही, असा एक कोपरा नाही त्या खोलीत. वाटलं, खिडकी उघडावी. तर खिडकीला जाळी आहे, आणि ती दादाने बसवलेली आहे, डास येऊ नयेत म्हणून. तीसुद्धा माझ्यासाठीच.

उत्तर काय लिहू, कळत नाही.

ताई


२५ मार्च

भोपू,

दोन गोष्टी झाल्या. कुठली आधी सांगू?

अळ्यांचीच सांगते. उरलेल्या लाल अळ्यांना मी पुन्हा कडू पान द्यायला निघाले, तर मॅडम म्हणाल्या, "थांबा. जरा गंमत बघू." त्यांनी कडू पाला ठेचला, त्याचा रस गाळला आणि ब्रशने चवळीच्या पानावर अगदी पुसट हात फिरवला. तेच चवळीचं पान, ज्याच्याशेजारी बाकीच्या उपाशी मेल्या. एका डबीत ठेवलं. अळीने डोकं उचललं, इकडे हलवलं, तिकडे हलवलं. आणि खायला लागली! कडेपासून सुरू केलं ते मधल्या शिरेपर्यंत साफ. मी ओरडलेच. मॅडमही हसल्या.

मी म्हटलं, "पण हिच्या पोटाला चालेल का? हिच्या कात्र्या तर त्या कडू पानासाठी बनवलेल्या."

"पोटाला काही अडचण नाही," मॅडम म्हणाल्या. "उलट पोटाला सोपं जाईल, कात्र्या काय, पुन्हा साध्या बनवेल. पोट कधी नाही म्हणतच नव्हतं. नाही म्हणतं ते हिचं तोंड. लहानपणापासून एकच चव ओळखीची. ती लागली नाही की तोंड म्हणतं, हे अन्नच नाही."

आज त्या अळ्या बघशील तर ओळखणार नाहीस. गुबगुबीत झाल्या आहेत. मॅडम रोज रस थोडा पातळ करायला सांगतात.

मी घरी जाताना तेच डोक्यात घेऊन गेले. पोट नाही म्हणत नव्हतं.

आता दुसरी गोष्ट. परवा डब्याची पिशवी जड लागली. दुपारी उघडली, तर डब्याखाली माझी हिरवी शाल, घडी घालून. मला वाटलं, वहिनींनी धुवायला काढली आणि चुकून पिशवीत आली. काल डब्याखाली माझे दोन ब्लाऊज. आज माझ्या शाळेच्या दाखल्यांची फाइल, जी दादाच्या कपाटात असते!

एप्रन मी धुवायला घरी नेते. तुझं पत्र त्या खिशात होतं. होतं म्हणजे, अजूनही आहे, पण उलट्या घडीचं. वहिनींनी वाचलं आहे.

दादाला त्यांनी सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर मी आज इथे नसते.

उत्तर लिहायला धीर होत नाही. पण शाल इथेच माझ्या कपाटात ठेवली आहे, परत नेली नाही.

ताई


२९ मार्च, सकाळी

प्रिय भोपू,

काल दादा अंघोळीला गेला तेव्हा स्वयंपाकघरात वहिनींना गाठलं. विचारलं, "पिशवी कोण भरतं?"

त्या भाजी चिरत होत्या, मान वर केली नाही. "का? जड होते का वन्सं?"

"वहिनी, मी गेले तर माझ्या वाटणीचा दादा तुमच्याकडे येईल."

विळीवरचा हात थांबला. तुला आठवतं, हेच मी तुला पहिल्या पत्रात सुनावलं होतं. किती तोऱ्यात! तेच वाक्य वहिनींसमोर बोलताना माझी जीभ अडखळत होती.

"येतील ना," वहिनी म्हणाल्या. "माहीत आहे मला. भीतीही वाटते, खोटं कशाला बोलू? पण तुम्हाला रोज जेवताना बघणं आता माझ्याने होत नाही. आधी तुम्ही जा. तुमचा पत्ता माझ्याकडे असू दे. गेटवरचे काका पत्र टाकतात ना?"

"तुम्हीही चला माझ्याबरोबर."

"दोघींचे कपडे एका डब्याखाली मावत नाहीत हो," त्या म्हणाल्या आणि हसल्या. नळ न सोडता हसल्या, भोपू. मग बाथरूमचं दार वाजलं आणि त्या पुन्हा चिरायला लागल्या. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. ठेवला नाही, ते आत्ता लिहिताना लागतंय.

तर मी येते आहे. परवा दादा मला नेहमीसारखा पुढच्या गेटला सोडेल. मी आत जाईन आणि मागच्या फाटकाने पाला आणणाऱ्या गाडीतून बाहेर पडेन. मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी कॉलेजसाठी पत्र दिलं, आणि दादाचा फोन आला तर काय बोलायचं ते त्या बघून घेतील म्हणाल्या. हे पत्र काका आजच स्पीड पोस्टने टाकणार आहेत, तू बसस्टँडवर ये. आणि हे बघ, तिथे गळ्यात पडून भोंगा पसरू नकोस, मला जमणार नाही.

आज अळ्यांना कोरं पान दिलं, रसाशिवाय. बहुतेकींनी खाल्लं. दोघी-तिघींनी तोंड फिरवलं. मॅडम म्हणाल्या, त्यांना अजून थोडे दिवस रस लावावा लागेल. मला तसलीच धर. म्हणून आधीच सांगून ठेवते, हसू नकोस.

पहिले काही दिवस मला जरा ओरड. यायला उशीर झाला की "कुठे होतीस?" म्हणून विचार, कपाळाला आठ्या घालून. मी वाचत बसले तर दिवा जळतोय म्हणून कुरकुर कर. नाहीतर मला वाटेल घरात कोणी नाहीच, आणि माझ्या गळ्याखाली घास उतरणार नाही. मग रोज थोडं कमी कर. मला कळणार नाही असं कमी कर. तुला हे करायला आवडणार नाही, ठाऊक आहे मला, तू याच्यापासूनच तर पळालीस. पण माझ्यासाठी कर.

आणि खोलीच्या दाराला आतून कडी बसवून ठेव. मला दाखवू नकोस, तिच्याबद्दल बोलूही नकोस. मला सापडेल तेव्हा सापडेल. मात्र एखाद्या दिवशी मी ती लावली आणि तू बाहेरून दार वाजवलंस, तर मी लगेच उघडेन असं समजू नकोस.

तुझी
ताई